पर्णभुंगेरे: नमुन्याबरोबर झाडाचेही नाव हवे

भाताची पाने पांढरी पाडणारा काटेरी हिस्पा, वेलवर्गीय भाज्यांवरचा तांबडा भुंगेरा, द्राक्षाचे फुटवे कुरतडणारा उडद्या, साठवणीतल्या कडधान्याला लागणारा भुंगेरा आणि गाजरगवताच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेला झायगोग्रामा हे पाचही कीटक क्रायसोमेलिडी या एकाच कुलातले, म्हणजे पर्णभुंगेरे आहेत. त्यांतला प्रत्येक मात्र वेगळ्या उपकुलात मोडतो. हिस्पा कॅसिडिनीत, तांबडा भुंगेरा गॅलेरुसिनीत, उडद्या युमोल्पिनीत, कडधान्यातला भुंगेरा ब्रुकिनीत आणि झायगोग्रामा क्रायसोमेलिनीत. जगभरात या कुलाच्या ३५,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. सोंड्यांचे कुल वगळले, तर वनस्पतींवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांत एवढे मोठे कुल दुसरे नाही.

कुलाची पहिली ओळख पायावर पटते. पाऊल पाच खंडांचे असले तरी चौथा खंड अगदी लहान असून तिसऱ्या, दुभंगलेल्या खंडात दडलेला असतो. त्यामुळे वरवर पाहता चारच खंड मोजले जातात. हीच रचना सोंड्यांत आणि लांब शृंगिकांच्या खोडकिड्यांतही आढळते, म्हणून केवळ पायावरून निर्णय होत नाही. शृंगिकांची लांबी व त्यांची डोक्यावरची जागा, डोळ्यांचा आकार आणि उदराची रचना ही लक्षणे एकत्र पाहावी लागतात.

कुलाच्या आतली मांडणी स्थिर नाही. कडधान्यातल्या भुंगेऱ्यांचे ब्रुकिडी हे स्वतंत्र कुल अनेक पाठ्यपुस्तकांत अजूनही दिसते. आज ते क्रायसोमेलिडीचे उपकुल मानले जाते. काटेरी हिस्पा आणि ढालीसारखे कासवभुंगेरे पूर्वी दोन उपकुलांत होते, आता ते कॅसिडिनी या एकाच उपकुलात आले आहेत. उड्या मारणारे अल्टिसिनी भुंगेरेही स्वतंत्र उपकुलातून गॅलेरुसिनीतल्या एका ट्राइबच्या पातळीवर आणले गेले. त्यांच्या मागच्या मांडीत एक कठीण, वळलेली स्प्रिंग असते. समरेंद्र मौलिक यांनी या अवयवाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, म्हणून त्याला मौलिक यांचे नावही मिळाले. द्राक्षावरच्या उडद्याला, म्हणजे स्केलोडोन्टा स्ट्रायजिकॉलिसला, इंग्रजी कीडसाहित्यात अल्टिसिनींचेच प्रचलित नाव लावले जाते. पण ही स्प्रिंग त्याच्यात नाही आणि त्याचे नातेवाईक वेगळे आहेत. बोलीतल्या नावावरून वर्गीकरणातली जागा ठरवली, तर अळी कुठे वाढते आणि कोश कुठे होतो याचे अंदाजही चुकू शकतात.

भारतीय पर्णभुंगेऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतल्या चार खंडांवर उभा आहे. पहिला खंड १९०८ मध्ये मार्टिन जेकोबी यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. जेकोबी व्यवसायाने व्हायोलिनवादक होते. पुढचे तीन खंड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या मौलिक यांनी लिहिले: १९१९ मध्ये हिस्पा व कासवभुंगेरे, १९२६ मध्ये क्रायसोमेलिनी व उड्या मारणारे भुंगेरे आणि १९३६ मध्ये गॅलेरुसिनी. उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्यांवर जर्मन अभ्यासक गेरहार्ड शेरर यांचा ग्रंथ १९६९ मध्ये आला. या खंडांतल्या ओळखसूचींचा भर रंग, ठिपके, पंखकवचावरील खाचा अशा बाह्य लक्षणांवर आहे. सूचीत नमुना बसला नाही म्हणजे तो नवा, असे त्यामुळे म्हणता येत नाही. सूचीत बसला म्हणून तो तोच, असेही नाही.

रंगाचा धोका सर्वांत मोठा. कासवभुंगेऱ्यांच्या कित्येक जातींची सोनेरी झळाळी कवचातल्या ओलाव्यावर अवलंबून असते. कीटक मेला, वाळला की ती जाते. जिवंतपणीचे छायाचित्र नसेल तर पेटीतला नमुना आणि शेतातला कीटक एकच आहे हे ओळखणेही अवघड होते. उलट, एकाच जातीत रंगांचे अनेक प्रकार असू शकतात. कडधान्यातल्या कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटसचे प्रौढ उडणारे आणि न उडणारे अशा दोन रूपांत आढळतात आणि त्यांच्या पंखकवचावरचे ठसेही वेगळे असतात. ही जाती आणि कॅलोसोब्रुकस अनालिस यांची पूर्वी गल्लत होत असे. १९५७ मध्ये साउथगेट, हाऊ आणि ब्रेट यांनी त्या दोन स्वतंत्र जाती असल्याचे दाखवले. त्याआधीच्या प्रयोगांचे नमुने जिथे जपलेले नाहीत, तिथे प्रयोग नेमका कोणत्या जातीवर झाला हे तपासण्याचा मार्ग उरत नाही.

म्हणून जाती ठरवताना नराच्या जननेंद्रियाचा मध्यखंड आणि मादीची शुक्रधानी यांचे विच्छेदन आज अनिवार्य ठरले आहे. अमेरिकेतल्या टॅमॅरिस्कचे उदाहरण त्याचा व्यवहारातला उपयोग दाखवते. नदीकाठ व्यापणाऱ्या या परदेशी झुडपावर २००१ मध्ये डायोऱ्हाब्डा एलोंगाटा या नावाने पर्णभुंगेरे सोडण्यात आले. चीन व कझाकस्तानातून आणलेले भुंगेरे उत्तरेकडे रुजले. सुमारे ३८ अंश अक्षांशाच्या दक्षिणेला मात्र उन्हाळ्यातला दिवस त्यांना लहान पडला आणि ते वेळेआधीच सुप्तावस्थेत गेले. मग क्रीट, ट्युनिशिया व उझबेकिस्तानातले भुंगेरे आणले गेले. २००९ मध्ये ट्रेसी आणि रॉबिन्स यांनी जननेंद्रियांच्या कठीण भागांचा अभ्यास करून या एका नावाखाली पाच जाती असल्याचे दाखवले. चीन-कझाकस्तान, क्रीट, ट्युनिशिया आणि उझबेकिस्तान या चार ठिकाणचे भुंगेरे चार वेगळ्या जातींचे निघाले. एकाच जातीचे स्थानिक वाण समजून ज्यांची निवड केली जात होती, त्या प्रत्यक्षात वेगवेगळ्या जाती होत्या.

डीएनए बारकोडमुळे, म्हणजे सीओआय जनुकाच्या सुमारे ६५८ अक्षरांच्या तुकड्यामुळे, अळी आणि प्रौढ यांची सांगड घालणे सोपे झाले. अळ्यांची ओळख अपुरी असलेल्या या कुलात तो मोठा लाभ आहे. तरी बारकोड हा अंतिम निवाडा नव्हे. अल्टिका प्रजातीत व्होल्बाकिया जिवाणूच्या संसर्गाबरोबर मायटोकाँड्रियाचे डीएनए पसरत गेल्याचे पुरावे आहेत. त्यामुळे वेगळ्या जातींचे बारकोड एकसारखे येऊ शकतात. याच प्रजातीतल्या काही जाती दिसायला जवळजवळ सारख्या असून त्यांची यजमान झाडे मात्र वेगळी आहेत. तिथे झाडाची नोंद हाच ओळखीचा पहिला धागा ठरतो.

दक्षिण भारतातले अलीकडचे शोध हेच सांगतात. केरळ कृषी विद्यापीठातील के. डी. प्रथापन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ऑर्थाल्टिका प्रजातीच्या दोन नव्या जातींचे वर्णन केले आणि त्यांना यजमान झाडांवरून सायझिजियम व टर्मिनालिया अशी नावे दिली. हे अगदी लहान भुंगेरे इतर कीटकांनी पाडलेल्या पानांतल्या भोकांचा आसरा घेतात आणि भोकाच्या कडेला विष्ठेची भिंत उभारून तो आसरा आपल्या मापाचा करतात. पर्णभुंगेऱ्यांत असे वर्तन पहिल्यांदाच नोंदले गेले. त्याआधी २०११ मध्ये प्रथापन आणि सी. ए. विरक्तमठ यांनी लाँगिटार्सस लिम्नोफिली ही जाती वर्णिली. या प्रजातीच्या अळ्या सामान्यतः जमिनीत मुळांवर वाढतात आणि मातीतच कोश करतात. नव्या जातीचा कोश मात्र पाणवनस्पतीच्या खोडातल्या हवेच्या पोकळ्यांत होतो. केवळ जाळे फिरवून पकडलेल्या प्रौढांवरून यांतले काहीच कळले नसते. पश्चिम घाटातल्या ओल्या शेवाळात राहणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यांसाठी तर जाळे निरुपयोगीच. शेवाळ चाळावे लागते किंवा बर्लिस फनेलमध्ये वाळवावे लागते.

नमुना नवा वाटल्यावर तुलना मूळ प्ररूपांशी, म्हणजे ज्यांवरून जातीला नाव दिले गेले त्या नमुन्यांशी, व्हावी लागते. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून गेलेल्या कीटकांना नावे दिली. त्यांचे नमुने कोपनहेगनला आहेत. मोत्शुल्स्की यांचे मॉस्कोत, तर जेकोबी यांचे लंडन व हार्वर्डला आहेत. आता प्ररूपांची छायाचित्रे उपलब्ध होऊ लागल्याने प्रवास वाचतो, पण जननेंद्रियांच्या तुलनेसाठी प्रत्यक्ष नमुनाच पाहावा लागतो. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार १९९९ नंतरच्या नव्या जातीसाठी प्ररूप (होलोटाइप किंवा सिनटाइप) स्पष्टपणे ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहिणे बंधनकारक आहे. लेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणार असेल तर झूबँकमधली नोंदही लागते. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याचे कलम ३९ नव्या जातीची माहिती व पुरावा-नमुने नियुक्त संस्थेकडे देण्याची जबाबदारी शोधणाऱ्यावर टाकते. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यांतली प्रमुख संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. अभयारण्यातून नमुने घेण्यासाठी वनखात्याची पूर्वपरवानगी वेगळी लागते.

वर्णन लिहिणारे तज्ज्ञ मोजके आहेत. नमुने हाताळणारे मात्र कृषी महाविद्यालयांत, कृषी विज्ञान केंद्रांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्राणिशास्त्र विभागांत मोठ्या संख्येने आहेत. वर्गीकरणाला त्यांच्याकडून मिळू शकणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे यजमान वनस्पतीची खात्रीची नोंद. भुंगेरा झाडावर बसला होता आणि भुंगेरा ते पान खात होता, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. चिठ्ठीवर त्या वेगळ्याच लिहायला हव्यात. झाडाची फांदी दाबून वनस्पतितज्ज्ञाकडून तिची ओळख करून घ्यावी. एकच प्रौढ न घेता नर-मादी दोन्ही येतील एवढे नमुने घ्यावेत. त्यांतले काही टोचून किंवा कागदी त्रिकोणावर चिकटवून, तर काही अळ्यांसह ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. गाव, तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि जिवंतपणीचे छायाचित्र यांची नोंद नमुन्याच्याच क्रमांकाखाली असावी. कीडनियंत्रणाच्या प्रत्येक प्रबंधाने व लेखाने वापरलेल्या कीटकाचे पुरावा-नमुने मान्य संग्रहात ठेवून त्यांचे क्रमांक छापले, तर उद्या एका नावाच्या दोन जाती निघाल्या तरी आजचे काम वाया जाणार नाही.