तिखटात गेरू, आणि वर म्हणे "लोहच आहे ना!"

मंडळी, आज जरा तिखटच लिहितोय.

गेल्या आठवड्यात मिरची विकायला नेली. माल फिका म्हणून भाव पाडला. बाजूचा एक जण हसत म्हणाला, "दळताना गेरू मारला की होतंय लाल. लोहच असतंय, माणसाला चांगलंच!" हे मी शिकलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकलंय.

लोह असतं, खरंय. गेरू, विटेचा भुगा, ट्रॉलीला मारतो ते रेड ऑक्साइड, जुन्या घरातला लाल कोबा, सगळ्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. गंजाचे भाऊबंद सगळे. पण लोह असणं वेगळं अन् लागू पडणं वेगळं, हे शेतकऱ्याला तरी सांगायला नको. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह टक्क्यांनी मोजावं इतकं आहे, तरी उसावर केवडा येतोच की! मुळाला विरघळलेलं लोह लागतं. म्हणून आपण हिराकस फवारतो, गेरू कालवून नाही. पोटाचंही तेच. ऑक्साइडमधलं लोह फारसं विरघळत नाही, बहुतेक आलं तसं बाहेर जातं. रक्तवाढीच्या बऱ्याच गोळ्यांत फेरस सल्फेट असतं, म्हणजे हिराकसच, पण औषधी शुद्धतेचं. (पोत्यातलं हिराकस खाऊ नका रे, लिहून ठेवलेलं बरं.)

कुणी म्हणेल, युरोपात खाण्यात आयर्न ऑक्साइड चालतं, ई १७२ नावानं. चालतं. पण ते शुद्ध केलेलं, शिसं-आर्सेनिक तपासलेलं. शिवाय जागतिक तज्ज्ञ समितीनं त्यालाही रोजची मर्यादा घातलीय, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. रंगाच्या दुकानातल्या पुडीत शिसं किती, कुणी तपासलं? शिसं लेकरांच्या मेंदूवर जातं, त्याची सुरक्षित पातळीच नाही. आणि कांडपावर ही धूळ रोज नाकात घेणारी बाई? लोहाची धूळ फुप्फुसात साठते. वेल्डर, खाणकामगारांत हे ओळखीचं आहे, सिडरोसिस म्हणतात.

कायदा तर सरळ आहे. मिरची पुडीत बाहेरचा कुठलाच रंग नको. एकूण राख ८ टक्क्यांच्या आत, आम्लात न विरघळणारी १.३ टक्क्यांच्या आत.

घरी ग्लासभर पाण्यात चमचाभर तिखट टाका, तळाचा गाळ बोटांवर चोळा. खरखर लागली तर विटेचा भुगा नाहीतर वाळू. बारीक ऑक्साइड मात्र असं सापडेलच असं नाही, त्याला प्रयोगशाळाच. आणखी एक खूण. मिरचीचा स्वतःचा रंग उजेडानं, दिवसांनी उडतो, वर्षाचं तिखट फिकं पडतंच. ऑक्साइड उडत नाही, म्हणून तर ते घराला लावतात!

फिक्या मालाचा भाव पाडायला बाजारात दहा डोळे असतात, लाल केलेल्या पुडीचा नमुना काढायला एकही नाही. अन्न व औषध प्रशासन दिवाळीत खव्याचे नमुने घेतं, तसेच मिरचीच्या हंगामात कांडपावरून घ्यावेत. आपल्या तालुक्यात कुणी घेतलेले पाहिले असतील तर खाली लिहा.