माऊलीला बोलू द्या

धर्मग्रामातील एखादी वृद्ध माता प्रभूघरी गेली की तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेत एक ठरावीक स्तुती कानी पडते. ती रोज पहाटेच्या मिस्सेला येई. तिची जपमाळ कधी चुकली नाही. संसारात अपार सोसले, पण कधी उलटून बोलली नाही. गिरगावातील चाळ असो, दादरची वाडी असो की परळ-लालबागमधील दहा बाय बाराची खोली असो, शोकभाषणाचा मसुदा तोच राहतो. फक्त नाव बदलते. ही स्तुती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणात अन्याय दडलेला आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण या स्तुतीने आपण दोन गोष्टी गुपचूप साधून घेतो. पहिली ही, की घरातील श्रद्धेची सगळी जबाबदारी आईवर आणि आजीवर टाकून पुरुष मोकळा होतो. रविवारी मिस्सा चालू असताना मंदिराच्या आवारात गप्पा मारीत उभे राहणाऱ्यांत किती बाप असतात, हे कोणत्याही धर्मग्रामातील धर्मगुरूला विचारावे. दुसरी अशी, की 'ती बोलत नव्हती' हाच तिचा सद्गुण ठरवला, म्हणजे ती काय बोलली असती हे ऐकण्याची गरज उरत नाही.

भक्ती म्हणजे मौन, हे समीकरण आले कोठून? शुभवर्तमानातून तर नाही. पवित्र मारियेने देवदूताला मुकाट्याने मान तुकवली नाही. आधी प्रश्न विचारला. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे तिनेच पुत्राच्या कानी घातले आणि सेवकांना काय करायचे तेही तिनेच सांगितले. संत लूकने नोंदवलेल्या तिच्या गीतात बलवंतांना सिंहासनावरून खाली ओढणारा देव आहे. मुकेपणाचा उपदेश करणाऱ्यांना ती साक्षीदार म्हणून लाभणार नाही.

संत मोनिकेचेही आपण तेच केले. तिचे अश्रू आपण वेदीवर ठेवले आणि तिचे शब्द विसरलो. इ. स. ३८६ साली मिलानजवळच्या एका मळ्यावर संत ऑगस्टीन आपल्या मित्रांशी तत्त्वचर्चा करीत होते. मोनिका तेथे आली आणि चर्चा कोठवर आली, असे तिने विचारले. हा प्रश्नही लिहून घ्या, असे ऑगस्टीननी लेखनिकाला सांगितले. तेव्हा, तुम्ही वाचता त्या ग्रंथांत बायका अशा वादात कधी सामील झालेल्या आहेत का, असे तीच आश्चर्याने म्हणाली. मुलाने तिचे बोलणे तरीही नोंदवले. पुढच्याच वर्षी ती वारली. तो लेखनिक नसता, तर मोनिका आपल्यापर्यंत केवळ रडणारी आई म्हणून पोहोचली असती.

आपल्या मराठी मातीत याहून ठळक उदाहरण आहे, ते लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या कॅथलिक नव्हत्या, ही हरकत कोणी घेईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच आपल्याला सांगितले आहे, की इतर पंथीय बंधुभगिनींमध्ये दिसणारी ख्रिस्ताची देणगी आनंदाने मान्य करावी. तेव्हा हा प्रश्न तेथेच मिटतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घर कडक सोवळ्याचे. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. शाळा ठाऊक नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या घरी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी याच मुंबई शहरात बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचा संसार उभा चिरला गेला. 'आदर्श पत्नी'च्या आपल्या मसुद्याप्रमाणे तिने काय करायला हवे होते? डोळे मिटून पतीच्या मागोमाग जायला हवे होते. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. त्या काही वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे अहमदनगरला आल्या, तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी निराळीच ठेवली. मग स्वतःच विचार करकरून जातिभेद हा माणसाने निर्माण केलेला आहे, या निष्कर्षाला त्या पोहोचल्या, आणि त्यानंतरच ख्रिस्ताकडे वळल्या. नवऱ्याच्या आज्ञेने आलेली श्रद्धा नवऱ्याबरोबर निघून गेली असती. १९१९ साली टिळक मुंबईत निवर्तले. लक्ष्मीबाईंची श्रद्धा त्यानंतर सतरा वर्षे उभी राहिली आणि फळाला आली.

ती फळे पाहा. टिळकांचे 'ख्रिस्तायन' सुमारे साडेदहा अध्यायांवर थांबले होते. शाळेत न गेलेल्या या विधवेने त्यात ओवीबद्ध चौसष्ट अध्यायांची भर घातली. मुलाच्या आग्रहावरून तिने आपल्या आठवणी सांगितल्या. त्या 'स्मृतिचित्रे' या नावाने १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यात नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाची थट्टा आहे, स्वतःच्या अडाणीपणाची थट्टा आहे, भांडणे आहेत, उपासमार आहे आणि पदरात घेतलेली परक्यांची मुले आहेत. उलटून न बोलणारी बाई त्यात औषधालाही सापडत नाही. तरी अधिक भक्तिमान जीवन मराठीत शोधून दाखवावे! उतारवयात त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीत राहिल्या; २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती पुढे त्यांच्याच नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, सिद्ध केली. २०१७ साली शांता गोखले यांनी ते पुस्तक नव्याने इंग्रजीत नेले. आजी बोलली, मुलाने लिहून घेतले, नातवाने जपले. म्हणून ती उरली.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाई असामान्य होत्या. आमची आई साधी होती. साधी? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि बहुतेकांचे काम कायमचे गेले. त्या दिवसांत गिरणगावात कोणाची चूल कोणी पेटती ठेवली? त्याआधीच, १९७५ साली, परळ-लालबागच्या खाणावळवाल्या बायका प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आल्या होत्या आणि सावकाराला टाळून बँकेचे कर्ज घेऊन फेडूही लागल्या होत्या. उधारी, व्याज, शिधा आणि मुलांची फी यांचा हिशेब ज्यांनी तोंडपाठ ठेवला, त्यांना 'साध्या' म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे.

ख्रिस्तसभेचे नियम तर आपल्यापेक्षा पुढे आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेने मुलांच्या धार्मिक संगोपनाचे कर्तव्य आई आणि वडील दोघांवर सोपवले आहे, आणि प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती अनिवार्य केली आहे. त्या समितीत स्त्री नको, असे कोठेही लिहिलेले नाही. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे विधिपूर्वक स्त्रियांना खुली केली, धर्मशिक्षकाचे स्वतंत्र सेवापद निर्माण केले आणि जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा जागतिक दिन सुरू केला. त्यांतून आपण उचलला तो दिन! आजीला गुलाबाचे फूल दिले, छायाचित्र काढले आणि तिला पुन्हा मागच्या बाकावर बसवले.

तेव्हा वाचकहो, माझे मागणे स्पष्ट आहे. बापाने संध्याकाळची जपमाळ स्वतः सुरू करावी. ती 'बायकांची' प्रार्थना नव्हे. ज्या स्त्रीने चाळीस वर्षे तुटपुंज्या पगारात घर चालवले, तिला धर्मग्रामाचे जमाखर्च वाचायला बोलवावे आणि तिने शंका काढली तर उत्तर द्यावे. आणि नातवंडांनी या महिन्यातच वही घेऊन आजीपाशी बसावे. तिला फक्त प्रार्थना विचारू नका. देवावर ती कधी रागावली होती, हे विचारा. कोणत्या धर्मगुरूचे प्रवचन तिला पटले नव्हते, तेही विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका.

संत पौलाने तिमथीला लिहिताना त्याच्या आजीचे आणि आईचे नाव घेतले, लोईस आणि युनीके. त्या दोघी काय बोलत, कशा शिकवीत, हे मात्र कोणी टिपून ठेवले नाही. ती उणीव आता भरून निघणार नाही. आपल्या घरातील लोईस अजून खिडकीपाशी बसलेली आहे. तिच्या शवपेटीपाशी उभे राहून तिच्या मौनाचे गुणगान करण्यापूर्वी ती जिवंत असतानाच तिचे ऐकून घ्या.