गाडीच्या हँडलला आसूड कशासाठी?

शेतकरी मंडळी, आपल्या गावातल्या तरण्या पोरांच्या मोटारसायकली एकदा नीट निरखून पाहा. आरशाला काळा दोरा, मुठींना रंगीत झिरमिळ्या, नंबरप्लेटीवर आकड्यांपेक्षा मोठा 'दादा'. हौसेला मोल नसते हे खरे. पण क्लचच्या दांडीला विणलेला कातडी आसूड लटकवायची एक परदेशी टूम मोबाईलच्या पडद्यावर दिसते. ती आपल्या पोरांच्या डोळ्यांत भरायला वेळ लागणार नाही. म्हणून दोन शब्द आधीच बोललेले बरे.

ही टूम मूळची अमेरिकेतल्या मोटारसायकल टोळ्यांची. तिथे क्लचच्या नाहीतर ब्रेकच्या दांडीला टोळीच्या रंगांत गुंफलेला, दोन-तीन फुटांचा चाबूक लटकतो. वरच्या टोकाला झटक्यात सुटणारी कडी असते. कोणी सांगतो, घोडेस्वाराच्या कोरड्यावरून तो आला. कोणी म्हणतो, अंगावर येणाऱ्या मोटारींना दूर ठेवायला तो होता. खरे काय ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण झटक्यात सुटणारी कडी नुसत्या शोभेसाठी बसवत नाहीत, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

आपला आसूड वेगळा. तो औताचा, मोटेचा, गाडीचा सोबती. कातडे कमावणारे, वादी कापणारे, कासरे-दावी वळणारे हात गावातच होते. चांगला गाडीवान आसूड हवेत वाजवायचा, उठसूट बैलाच्या पाठीवर ओढायचा नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो असूड त्यांनी मुक्या जनावरावर नाही, कुणब्याला नाडणाऱ्यांवर उगारला होता. अशा अवजाराला लोखंडी घोड्याचा दागिना करून मिरवण्यात कसला आला मान?

आपल्या पट्ट्यात तर दिवसच बदलले. चाकणला १९९९ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, एमआयडीसी पसरत गेली, शिवार आटले. कैक घरांत आता गोठा रिकामा आणि अंगणात दोन-दोन गाड्या. औताचा बैल गेला, शर्यतीचा तेवढा पोटच्या पोरासारखा राखला. आणि ह्याच बैलाच्या पायी गाडीवरच्या आसुडाचा विचार आपण गंभीरपणे केला पाहिजे.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायद्यात 'आसूड' हा शब्द कुठे नाही. पण कलम ५२ म्हणते की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहे. नुसती अडकवलेली वादी हा फेरफार होतो का, यावर वकील वाद घालतील. तुम्ही एवढेच पाहा, की मागच्या चाकाला साडीगार्ड का असते? मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग तरी झाका, असे १९८९ च्या केंद्रीय नियमांत, नियम १२३ मध्ये, लिहिले आहे. जो कायदा पदराची काळजी करतो, त्याच्यासमोर आपण पुढच्या चाकाशेजारी तीन फुटी वादी लोंबकळत ठेवणार? भरधाव गाडीत ती आऱ्यांत गेली किंवा ब्रेकच्या दांडीला पीळ बसला, की पोलिसाची पावती फाडायलाही पोरगं उरायचं नाही.

दुसरी गोष्ट पोलीस पाटील आणि सरपंचांनी ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, यात्रेला, निवडणुकीला मनाई हुकूम निघतात. काठी, लाठी आणि मारहाणीला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला त्यात बंदी घालता येते. चाबूक ह्यात बसत नाही, असे कोण म्हणेल? चाकण १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, म्हणजे तिथला हुकूम आयुक्तांचा. ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या गावांत तो जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. एरवी ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तोच आसूड त्या दिवसांत पोराला ठाण्यात नेऊन बसवील.

आता तिसरी आणि खरी दुखती बाजू. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्यात जनावराला मारहाण केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! खिळ्याची टोचणी वापरायला तर १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. कायदा कागदावर राहिला आणि आपणही कानाडोळा केला. मग ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीच बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तरी उच्च न्यायालयात गाडा अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. सात वर्षांहून जास्त काळ घाट सुने पडले होते, हे विसरू नका.

ही वाट फुकट मिळालेली नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलाची तपासणी हवी आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का ह्यांना सक्त मनाई आहे. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आता विचार करा. घाटाकडे निघालेल्या पन्नास मोटारसायकली, प्रत्येकीला आसूड लोंबतोय, आणि कोणी त्याचे चित्रण करून कोर्टापुढे ठेवले. 'साहेब, हा शोभेचा आहे' हे कोण ऐकणार? आणि बारी सुटताना एखाद्याने तोच उपसला तर? सुक्याबरोबर ओलेही जळते. चूक एकाची, बंद पडेल सगळ्यांचा घाट.

म्हणून यात्रा कमिट्यांना सांगणे आहे की परवानगीचा अर्ज करतानाच ठराव करा, घाटावर आणि गाडीतळावर आसूड आणायचा नाही. तपासायला गावचीच चार वडीलधारी माणसे उभी करा. घरच्या पोराला पोलिसाने अडवण्यापेक्षा चुलत्याने अडवलेले बरे. पोलीस पाटलांनी यात्रेआधी ठाण्यातून मनाई हुकूम पाहून तो चावडीवर लावावा.

आणि तरण्या दोस्तांनो, हौस मारा असे कोण म्हणतो? कातड्याचे काम जाणणारा कारागीर अजून सापडतो. त्याच्याकडून भादव्याच्या पोळ्याला बैलासाठी गोंडे, घुंगरांचा पट्टा करून घ्या. त्याच्या हाताला दाम मिळेल, बैल उठून दिसेल. आजोबांचा आसूड घरी असेल तर त्याला तेल लावा आणि खुंटीला टांगा. गाडीवर त्याचे काही काम नाही.