शनिवारचा घाणा

कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या किनारपट्टीवर तेल गाळणाऱ्या एका समाजाला गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे. शनिवारी रात्र पडेपर्यंत त्याला हात लागत नसे. हे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. परंतु त्यांचा धर्म मंदिरापेक्षा घरात अधिक नांदला. मांस आणि दूध एकत्र करावयाचे नाही, म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचे दूध आले. शुभकार्यात एलिया प्रेषिताचे स्मरण करून पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा वाटला जातो.

या आचारांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे तो शब्बाथ. सातव्या दिवसाची विश्रांती केवळ घरधन्याला सांगितलेली नाही. चाकर, जनावर आणि दाराशी आलेला परका यांनाही ती आहे. घाण्याच्या बैलालाही त्या आज्ञेत वाटा होता. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ती सर्वांना बांधणारी मर्यादा होय, हे त्यातील मर्म. एकट्याने दुकान बंद ठेवावे तर गिऱ्हाईक शेजारी जाते. म्हणूनच विश्रांतीला सामाजिक नियमाचे पाठबळ लागते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटी मागितली, ती याच जाणिवेने. १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिला आधार दिला. धर्माने जे एका समाजाला दिले, ते चळवळीने आणि कायद्याने सर्वांना मिळवून दिले.

आज मात्र ही मिळकत नकळत झिजत आहे. रविवारी शिक्षकाच्या दूरध्वनीवर माहिती भरण्याचे आदेश येतात. कारकुनाचे अपुरे काम घरापर्यंत पाठलाग करते. घरोघर माल पोहोचविणाऱ्या तरुणाची सुटी म्हणजे बुडालेली कमाई. कायद्यातील सुटी कागदावर राहते आणि विसावा हरवतो.

नियमाचा अतिरेकही घातक असतो, हे खरे. इस्रायलमध्ये शब्बाथला बहुतेक सार्वजनिक बसगाड्या बंद राहतात. त्याची झळ स्वतःची मोटार नसलेल्यालाच बसते. परंतु त्याच परंपरेने जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडणे हे कर्तव्य मानले आहे. अपवाद कोणता, हे तेथे निश्चित आहे. आपल्याकडे प्रत्येक परिपत्रक स्वतःला ‘तातडीचे’ म्हणवून घेते.

सुटीच्या दिवशी काम सांगावयाचे असल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, आणि बदली सुटी किंवा मोबदला द्यावा, एवढा नियम तरी संस्थांनी व सरकारने पाळावा. कोकणातील त्या गरीब तेल्यांना आठवड्यातील एका दिवसाची कमाई सोडणे परवडले. मग त्यांच्याहून कितीतरी संपन्न असलेल्या आजच्या व्यवस्थेला ते का परवडू नये?