शुगरचा पाय, स्मार्ट बूट आणि भंडाऱ्याची रबरी चप्पल

भंडारा जिल्ह्यात जुलै लागला की रोवणीची घाई सुरू होते. पवनीपासून तुमसरपर्यंत बांध्यांत पाणी साचलेलं, चिखल पोटरीपर्यंत आणि सगळे पाय अनवाणी. चिखलात काचेचा तुकडा किंवा बाभळीचा काटा लागला की माणूस पटकन पाय उचलतो. पण ज्याला दहा-बारा वर्षांपासून शुगर आहे आणि तळव्याची जाणीव गेली आहे, तो पाय उचलतच नाही. संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसतं किंवा चार दिवसांनी वास येतो, तेव्हा कळतं. मग हळद, मग मेडिकलमधली ट्यूब, मग नागपूर. तिथे पोहोचेपर्यंत बोट कापायचं की पाय, असा प्रश्न उभा राहिलेला असतो.

हे थांबवण्यासाठी आता ‘स्मार्ट’ पादत्राणं आली आहेत. त्यांची थट्टा करण्याचं कारण नाही. मँचेस्टरच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये छापून आला. पायाची जाणीव गेलेल्या आणि आधी एकदा जखम होऊन गेलेल्या रुग्णांच्या बुटात सेन्सर असलेला तळ बसवला होता. तळव्याच्या एखाद्या जागेवर दाब जास्त वेळ राहिला की मनगटावरच्या घड्याळात इशारा येई. रुग्ण थोडा वेळ बसे, पाय मोकळा करी. दुसऱ्या गटाच्या बुटातही तोच तळ होता, फक्त त्यांना इशारा मिळत नव्हता. दीड वर्षापर्यंत लक्ष ठेवलं. इशारा मिळणाऱ्यांत ४ जखमा झाल्या, न मिळणाऱ्यांत १०. किती दिवस लक्ष ठेवलं ते धरून हिशेब केला तर जखमांचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी भरलं. अभ्यास पूर्ण करणारे रुग्ण मात्र ५८ होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडेही काम झालंय. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या एंडोक्रायनॉलॉजी संस्थेबरोबर एक सँडल तयार केली, त्याची माहिती २०२२ मध्ये बाहेर आली. तिला बॅटरी नाही की घड्याळ नाही. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या तळात छोट्या कमानी आहेत. एखाद्या जागी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भार आला की तिथली कमान उलटी होते, भार आजूबाजूला वाटला जातो. पाय उचलला की कमान पुन्हा जागेवर. मला स्वतःला ही जास्त पटते. साकोली-लाखांदूरच्या खेड्यात बुटाला चार्जर लावून बसायला कुणाला वेळ आहे?

पण दोन्हींची एक अडचण सारखीच आहे. ही पादत्राणं रस्त्यावर चालतील, रोवणीच्या चिखलात नाही. आणि इथल्या जाणीव गेलेल्या पायाला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. साधा गमबूटसुद्धा चिखलात रुतून बसतो आणि आत पाय घासतो. ज्याला एकदा जखम होऊन गेली आहे त्याने बांधीत उतरूच नये. बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधाव्या, असं घरच्यांनीच ठरवलेलं बरं. जखम भरून आलेल्या शंभरातल्या साधारण चाळीस जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते, असं जगभरचे अभ्यास सांगतात.

आता खरा मुद्दा. बधिर पायासाठीची चप्पल भंडारा जिल्ह्याला नवी नाही. ती इथे वर्षानुवर्षं सरकारी दवाखान्यातून वाटली जाते, पण दुसऱ्या आजारासाठी.

गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा हा राज्यातला कुष्ठरोगाचा जुना पट्टा. कुष्ठरोगात जंतूमुळे नस खराब होते, मधुमेहात वाढलेल्या साखरेमुळे. कारणं वेगळी, पण तळव्याला वेदना कळत नाही हा परिणाम एकच. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप ‘झडत’ नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, घासतात आणि मग जातात. काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत. यावर ब्रँड यांनी रुग्णांना मांजरी दिल्या! तिथूनच मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल पुढे आली. तिला एमसीआर चप्पल म्हणतात. आत मऊ रबर, खाली काटा न शिरणारा कडक थर, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले. तिथे मधुमेहाच्या पायावर हेच ज्ञान वापरलं गेलं आणि पुढे जगभर पसरलं.

म्हणजे वेल्लोरमध्ये शिकलेली गोष्ट अमेरिकेत जाऊन मधुमेहाच्या रुग्णांपर्यंत पोहोचली, आणि भंडाऱ्यात ती एका खिडकीवरून शेजारच्या खिडकीपर्यंत पोहोचलेली नाही. कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णाला एमसीआर चप्पल मोफत मिळते. मधुमेहाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर मात्र तपासणी, गोळ्या आणि पाठपुरावा यांवर. चपलेचा जोड त्यात हक्काने येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. सगळ्यांना चप्पल नको. ज्यांची जाणीव गेली आहे त्यांना हवी.

ते ओळखायचं कसं? तर एका नायलॉनच्या धाग्याने. १० ग्रॅम दाबाला वाकणारा हा धागा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारायचं, ‘कळलं का?’ पाच मिनिटांचं काम, आशाताईंनाही शिकवता येईल. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी आणि जाणीव गेली असेल तर आणखी लवकर लवकर. शुगरची चिठ्ठी घेऊन आपण दर महिन्याला रांगेत उभे राहतो, पण मोजे-चप्पल काढून पाय दाखवा असं किती जणांना सांगितलं जातं?

यात एक अडचण आहे, ती लपवून उपयोग नाही. एमसीआर चप्पल गावात ओळखली जाते. ‘ही कुष्ठरोग्याची’ म्हणून कुष्ठरुग्णच ती घालायला लाजतात, तिथे शुगरवाला ती घालून चौकात कसा येईल? म्हणून रंग, आकार बदलायला हवा. बाजारातल्या सँडलसारखी दिसणारी करायला हवी. ‘स्मार्ट’ या शब्दाचा खरा उपयोग कदाचित इथेच होईल. रबर तेच ठेवा, नाव आणि रूप बदला. गावातला मोची पट्टा आणि तळ नीट बसवू शकतो, त्याला मऊ रबराचा ताव मिळाला पाहिजे.

आपल्या वस्तीपुरतं सांगायचं तर वुजू करताना दिवसातून पाच वेळा पायाला हात लागतो, बोटांमध्ये खिलाल होतो. जगातले डॉक्टर ‘रोज पाय पाहा’ असं ओरडून सांगतात, ते आपल्याकडे आयतंच घडतं. फक्त पाहणं राहून जातं. आणि पुसणंही. बोटांमधली ओल तशीच राहिली तर तिथे चिरा पडतात. गरम पाणी आधी हाताच्या कोपराने तपासावं, कारण पायाला ते कळणार नाही. जखमेवर पट्टी असेल तर पट्टीवर मसह करण्याची सवलत आहेच, ती उलगडून पाय भिजवण्याचा हट्ट नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा मशिदीच्या अंगणातल्या फरशीवरून वुजूखान्यापर्यंतची दहा पावलंही बधिर तळवा भाजायला पुरतात. हजला गेलेल्या मधुमेही लोकांचे तळवे अनवाणी चालून भाजल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. अंगणात एक जाड चटई टाकायला इंतजामिया कमिटीला फार खर्च येणार नाही.

ज्यांना वाकून तळवा दिसत नाही त्या दादा-दादींसाठी नातवाने रात्री मोबाइलवर तळव्याचा फोटो काढून मोठा करून दाखवावा. लाल किंवा काळा डाग, फोड, ओलसर जागा, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर ट्यूब शोधत बसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम दवाखाना, आणि तिथे चप्पल काढून पाय पुढे करायचा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.