विश्लेषण : ‘अब्दुल’ हे अर्धेच नाव का?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील सातबारा असो की उत्पन्नाचा दाखला, त्यावर ‘जिल्हा रायगड’ असते. १९८१ पूर्वी तिथे ‘कुलाबा’ असे. १ जानेवारी १९८१ रोजी हे नाव बदलले, तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. ते याच जिल्ह्यातील आंबेत गावचे आणि राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. जिल्ह्याला छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजधानीचे नाव त्यांच्या काळात मिळाले. पण ‘अब्दुल रहमान’ हे नाव आजही सरकारी अर्जाच्या रकान्यात नीट बसत नाही. असे का होते?

नावाचा अर्थ काय?

‘अब्द’ म्हणजे सेवक, दास. ‘अल’ हे अरबीतील निश्चिततादर्शक उपपद. ‘रहमान’ म्हणजे परमदयाळू. हे अल्लाहच्या नावांपैकी एक असून कुराणातील ५५ व्या अध्यायाचे नावही तेच आहे. तिन्ही मिळून अर्थ होतो, ‘परमदयाळू ईश्वराचा दास’. हदीस परंपरेत अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे मानली जातात. त्यामुळे मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत हे नाव आढळते.

‘अब्दुल’ की ‘अब्दुर’?

मराठीत ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होते, म्हणजे आधीचे अक्षर पुढच्यासारखे होते. अरबीतही असाच नियम आहे. ‘र’, ‘स’, ‘न’ अशा काही अक्षरांपूर्वी ‘अल’मधील ‘ल’ त्या अक्षरात मिसळतो. म्हणून अब्दुर्रहमान, अब्दुस्सलाम. ‘क’ किंवा ‘ह’पूर्वी ‘ल’ तसाच राहतो. म्हणून अब्दुल करीम, अब्दुल हमीद. भारतात बोलताना आणि लिहिताना हा भेद फारसा पाळला जात नाही. ‘अब्दुल रहमान’ हेच रूप रुळले आहे. त्यात चूक काढण्यासारखे काही नाही.

नुसते ‘अब्दुल’ म्हटले तर?

रामदास नावाच्या माणसाला कुणी ‘ए दास’ अशी हाक मारत नाही. ‘अब्दुल’ म्हणजे तर केवळ ‘च्या दासा’. कुणाचा दास, हे सांगणारा शब्दच गळून पडतो. दुसरे टोकही सोपे नाही. नुसते ‘रहमान’ हे ईश्वराचे खास नाव असल्याने माणसाला त्या नावाने हाक मारू नये, असे धर्मपंडित सांगतात. व्यवहारात मात्र घरोघरी दोन्ही हाका चालतात आणि प्रेमाने मारलेल्या हाकेवर कुणी आक्षेप घेत नाही.

समाजमाध्यमांवरचा ‘अब्दुल’ वेगळा असतो. तिथे तो कुणा एका माणसाचे नाव न राहता सगळ्या समाजाला हिणवण्याचा शब्द होतो. ‘ईश्वराचा दास’ हा भाव रामदास, हरिदास, देवीदास या नावांतही आहे, हे लक्षात आले तर तो शब्द उच्चारताना जीभ अडखळायला हवी.

कागदावर काय बिघडते?

मराठी नावाचा साचा ठरलेला आहे : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कोकणी मुस्लिमांनीही तो स्वीकारला. गावावरून पडलेली ‘कर’ लावलेली आडनावे त्यांच्यातही आहेत. पण या साच्यात ‘अब्दुल रहमान अंतुले’ लिहिले, की पहिल्या रकान्यात ‘अब्दुल’ आणि दुसऱ्यात ‘रहमान’ जाते. म्हणजे रहमान हे वडिलांचे नाव ठरते आणि खऱ्या वडिलांना जागाच उरत नाही. ‘ए. आर. अंतुले’ या सर्वपरिचित रूपातही एकाच नावाची दोन आद्याक्षरे झालेली दिसतात.

पुढे मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वडील ‘अब्दुल’, शिधापत्रिकेवर ‘रहमान’ आणि आधारवर ‘अब्दुर रेहमान’ असले, तर माणूस एक असूनही संगणकाच्या लेखी तिघे होतात. वारसनोंद, शिष्यवृत्ती, मतदार यादी अशा ठिकाणी तोच तो असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्याला प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रातील नोंद, शिवाय तहसील कार्यालयाच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिले जाते. हा निर्णय स्वागतार्हच; पण रकाना वाढला, तशी जोडनाव चुकीच्या जागी तुटण्याची शक्यताही वाढली.

उपाय काय?

उपाय खर्चाचा नाही. अब्दुल रहमान, अब्दुल करीम ही जोडनावे एकाच रकान्यात भरावीत, एवढी सूचना अर्जावर छापता येईल. कर्जत, नेरळ, खोपोलीसारख्या ठिकाणी सेतू केंद्रात अर्ज भरणाऱ्यांना ती शिकवायला एक दिवस पुरेल. पालकांनीही जन्मनोंदणीच्या वेळी एकच लेखन ठरवून पुढच्या प्रत्येक कागदावर तेच ठेवावे. शक्य असेल तर ‘अब्दुलरहमान’ असे सलग लिहावे.

नावे जपण्याची या जिल्ह्याला सवय आहे. ‘कुलाबा’चे ‘रायगड’ झाले, तेव्हा नावात इतिहास असतो, हे सर्वांनी मानले. तोच मान इथे राहणाऱ्या माणसाच्या नावालाही मिळायला हवा. त्याचे नाव पूर्ण लिहिणे ही सवलत नाही, साधी अचूकता आहे.