कार्डात अडकलेली मिसळ

दिल्लीला पोस्टिंग आली की मराठी फौजी दोन गोष्टींची वाट बघायला लागतो. एक क्वार्टरची आणि दुसरी मिसळीची. क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर अजून लांब आहे, म्हणून सध्या मुक्काम मयूर विहार फेज वनला, भाड्याच्या घरात. सकाळी पिंक लाइनने दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस, तिथून पायी धौला कुआँ आणि पुढे कँट. प्रवास लांबचा आहे, पण त्याची सवय होते. मिसळीची आठवण काही जात नाही.

त्यामुळे फेब्रुवारीत सोसायटीच्या गेटवर खाद्य-पेय महोत्सवाचं पत्रक लागलं आणि त्यात 'कोल्हापुरी मिसळ, सोलकढी' असं दिसलं, तेव्हा आमच्या घरात रविवारचा स्वयंपाक रद्द झाला. सौ., आठ वर्षांची लेक आणि मी, तिघं संध्याकाळी पाचला मैदानावर हजर.

तिकीट माणशी दीडशे. गेट एकच, आत जायला आणि बाहेर यायलाही तेच. चाळीस मिनिटांनी आत गेलो, तर कळलं की इथे रोख चालत नाही, मोबाइलवरून पैसे देणंही चालत नाही. आयोजकाचं प्लास्टिकचं कार्ड घ्यायचं, त्यात कमीत कमी पाचशे रुपये भरायचे आणि तेच कार्ड प्रत्येक स्टॉलवर दाखवायचं. कार्डाच्या रांगेत आणखी अर्धा तास गेला. तोवर लेकीला तहान लागली होती. दोन-अडीच हजार माणसांच्या मैदानात पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नव्हता. वीस रुपये छापलेली बाटली चाळीसला विकत होते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, असं मी म्हणालो. काउंटरवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, 'अंकल, बाहर से ले आओ.' बाहेर गेलं की परत दीडशेचं तिकीट, हे तो बोलला नाही.

सोलकढी नव्हतीच. पेय म्हणून जे काही होतं ते सोडा आणि त्यात घातलेले रंग. स्टेजवरचे स्पीकर मात्र ठणठणीत होते.

मिसळीचा स्टॉल शोधत शेवटच्या रांगेत पोहोचलो. गल्ल्यावरच्या माणसाची उभं राहण्याची पद्धत बघूनच ओळखलं की हा आपला आहे. कोल्हापूरकडचे निवृत्त हवालदार. पेन्शन आल्यावर नोएडात सिक्युरिटीची नोकरी धरली, वहिनी घरून डबे देतात. पहिल्यांदाच स्टॉल लावला होता. दोन दिवसांचं भाडं आठ हजार, तेही आगाऊ. मटकीला मोड आलेले, कट तयार, पावाच्या लाद्या रचून ठेवलेल्या, आणि शेगडी बंद! सिलिंडर आयोजकाकडूनच घ्यायचा असा नियम होता आणि दुपारी तीनला संपलेल्या सिलिंडरच्या बदल्यात दुसरा अजून आला नव्हता. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "दादा, गार कट कसा वाढू तुम्हाला?"

मी म्हटलं, "हवालदार साहेब, निदान कालचा धंदा तरी झाला ना?"

"झाला साहेब. पण पैसे कार्डात. ते वीस टक्के कापून पंधरा दिवसांनी देणार म्हणतात."

खरं सांगतो, तोवर मी फक्त एक वैतागलेला गिऱ्हाईक होतो. या वाक्यानंतर सगळा प्रकार वेगळा दिसायला लागला.

अशा महोत्सवाबद्दल कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं: गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त आली. आणि तक्रार करणारा फौजी असेल तर आणखी एक: तुम्हा लोकांना सगळं फॉल-इनमध्ये लागतं. हे मला मान्य नाही. मी गावच्या जत्रेत वाढलोय. जत्रेइतका गोंधळ कुठे असतो? धूळ, धक्के, पिपाण्या, हरवलेली पोरं. तरी जत्रेत कुणी उपाशी परत येत नाही. भेळवाल्याचे पैसे भेळवाल्याच्या हातात पडतात. गॅस संपला तर तो स्वतः धावतो, कारण विझलेल्या चुलीचं नुकसान त्याचं असतं. भेळ बेचव असेल तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं आणि ते त्याला लगेच दिसतं. तिथला गोंधळ वरवरचा असतो.

दुसऱ्या टोकाला आमचा बडाखाना. सहाशे जवानांचं जेवण असलं तरी पाण्याचा बंदोबस्त आदल्या दिवशी होतो, लंगरमध्ये काय शिजतंय ते आधी चाखलं जातं, आणि अधिकारी जवानांना आग्रह करकरून वाढतात. तिथे नफा कुणालाच नाही, पण पाणी कमी पडलं तर कुणाला बोलावणार हे पूर्ण युनिटला माहीत असतं. गावच्या पंगतीतही तेच. वाढपी शेवटी जेवतात, त्यामुळे आमटी पातळ झाली तर त्यांच्याच पानात येते.

मयूर विहारमध्येच बघा. इथे मल्याळी कुटुंबं पुष्कळ आहेत, फेज वनला गुरुवायूरप्पनचं मोठं मंदिर आहे. ओणमच्या वेळी शेजाऱ्यांनी आम्हाला साद्य जेवायला नेलं होतं. केळीची पानं मांडलेली, एक पंगत उठली की दुसरी, दारात एक आजोबा वही घेऊन बसलेले. पानावर वीसेक पदार्थ आणि शेवटी पायसम. थांबावं लागलं, पण किती थांबायचं हे आजोबांनी आधीच सांगितलं होतं. आयएनएचं दिल्ली हाट १९९४ पासून चालू आहे. तिथेही प्रवेशाला तिकीट लागतं, पण राज्याराज्यांचे खाण्याचे स्टॉल पक्के आहेत, बसायला जागा आहे. म्हणजे दिल्लीत हे जमत नाही असं म्हणायला जागाच नाही.

मग या महोत्सवात काय बिघडलं? माझ्या मते सगळी गडबड त्या कार्डात आहे. तिकिटाचे पैसे आयोजकाला आधी मिळाले. स्टॉलचं भाडं आधी मिळालं. कार्डात भरलेले पैसेही आधीच त्याच्याकडे गेले. एक घास शिजायच्या आत त्याचा महोत्सव यशस्वी झाला होता! त्यानंतर गॅस येवो न येवो, पाणी असो नसो, त्याच्या खिशाला झळ नाही. नुकसान वाटलं गेलं ते खाणाऱ्यात आणि रांधणाऱ्यात.

आणि कार्डाची गरज तरी काय? यूपीआय २०१६ साली आलं. आज मयूर विहारच्या फुटपाथवर भुट्टे भाजणाऱ्या बाईकडेही क्यूआरचा कागद असतो. छोट्या दुकानदाराला त्यावर शुल्क पडत नाही, पैसे त्याच क्षणी खात्यात. सोय म्हणून कार्ड असतं तर ते ऐच्छिक ठेवलं असतं. ते सक्तीचं आहे, कारण पैसा मधल्या माणसाकडे थांबायला हवा. म्हणून आता मी अशा ठिकाणी तिकीट काढण्याआधी एकच गोष्ट विचारतो: स्टॉलवाल्याला थेट पैसे देता येतात का? नाही म्हणाले की आम्ही परत फिरतो. लेकीला हे अजून पटलेलं नाही.

एकाच गेटची गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडवाला आग लागली. वर सिंथेटिक कापड, बाहेर पडायला धड वाट नाही. चारशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. मैदानावर डोक्यावर तसंच कापड होतं, खाली पन्नासेक शेगड्या, आणि आत येणारी नि बाहेर जाणारी गर्दी एकाच दारात अडकलेली. लेकीला खांद्यावर घेऊन त्या दारातून निघताना मी अंतर मोजत होतो. लाल बादल्या कुठे दिसतात का बघत होतो. दिसल्या नाहीत. परवानगी कुणी दिली, देणारा पाहायला आला होता का, हे प्रश्न अपघातानंतरच का विचारायचे?

हवालदार साहेबांच्या शेगडीला सिलिंडर मिळाला रात्री नऊला. तोवर मैदान रिकामं झालं होतं. पावाच्या उरलेल्या लाद्या वहिनींनी बिल्डिंगच्या गार्डांना वाटल्या.

आमच्या कार्डात तीनशे ऐंशी रुपये उरले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की शिल्लक परत मिळणार नाही. रक्कम किरकोळ आहे, पण मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ज्यांची अशी कार्डं ड्रॉवरमध्ये पडून आहेत त्यांनीही नोंदवावी, फोन फुकट आहे. बाटलीच्या चाळीस रुपयांचंही त्यात लिहिलं आहे.

हवालदार साहेबांना म्हटलं, तुम्हीही लेखी द्या, मी मसुदा करून देतो. पंधरा दिवसांचे पस्तीस झाले होते आणि निम्मीच रक्कम आली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, एप्रिलमध्ये त्यांचाच आंब्याचा मेळा आहे. नाव गेलं तर स्टॉल मिळणार नाही."

मसुदा मी लिहून ठेवला आहे. त्यावर अजून त्यांची सही झालेली नाही.